माझी बहीण ठाण्यात स्टाफ नर्स आहे. नाइट करून आली की रडते, राजीनामा देते म्हणते. काय करावं?

नाइट चालू असताना राजीनाम्याचा निर्णय घेऊ देऊ नका. नाइट संपून दोन दिवस पोटभर झोप झाल्यावरही ती तेच म्हणत असेल, तर मात्र मनावर घ्या.

मी नवी मुंबईत बरीच वर्षं आयसीयूत काढली, आता इन्चार्ज आहे. माझ्या हाताखालच्या मुली कामाला घाबरत नाहीत. त्यांना पोखरते ती चूक होण्याची धास्ती. घरी जाऊन आडव्या झाल्या तरी फोन येतो, "सिस्टर, सहा नंबरचं इन्सुलिन मी दिलं ना? सही केली ना?" व्हेंटिलेटरच्या एका पेशंटमागे एक नर्स हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष. एकीच्या वाट्याला दोन-तीन आले, तर धास्ती वाटणारच, त्यात तिचा दोष नाही. म्हणून आम्ही ओव्हर, म्हणजे ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला पेशंट सोपवणं, टेबलापाशी करत नाही. दोघींनी प्रत्येक बेडपाशी जायचं, औषधाच्या पंपाचा रेट आणि चार्ट मोठ्याने वाचायचा, मगच निघायचं. बहिणीलाही असंच ओव्हर द्यायला सांगा. घरी आल्यावरची घालमेल खरंच कमी होते.

दुसरं म्हणजे मृत्यू. पेशंट गेला की नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, नातेवाइकांचा आक्रोश झेलायचा आणि थोड्याच वेळात त्याच बेडवर नवीन ॲडमिशन घ्यायची. "जरा बस, पाणी पी" म्हणायलाही कुणाला फुरसत नसते. घरी ती त्या पेशंटबद्दल बोलली तर ऐका. "तुम्हाला सवयच असते" असं कृपा करून म्हणू नका.

नातेवाईक अंगावर धावून आले असतील तर तक्रार लेखी द्यावी. राज्याच्या 2010 च्या कायद्यात नर्सही येतात, मारहाणीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

सुट्टीतही झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही असं दोन आठवडे चाललं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, 24 तास चालतो, मराठीत बोलता येतं. मरणाची भाषा केली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, एकटीला सोडू नका. झोपेसाठी स्वतःच्या मनाने गोळ्या घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि नाइटनंतर दुपारी तिला स्वयंपाकाला उठवत असाल, तर ते आजपासून बंद करा.