मानलेला आनंद

बेटा,
सलाम.

रविवारी उपासना संपल्यावर चपला शोधता शोधता तू हळूच विचारलंस, "काका, मला आनंद होत नाही. मी ढोंगी ख्रिस्ती आहे का?" तेवढ्यात मंडळीतल्या दोघीतिघी आल्या, एकीनं बायबलातल्या याकोबाच्या पत्रातलं वचन ऐकवलं, "परीक्षांना तोंड द्यावं लागतं तेव्हा आनंदच माना", आणि तुझा प्रश्न तिथेच राहिला. म्हणून हे पत्र.

बाबांना जाऊन पाचच महिने झालेत. अशा वेळी ते वचन चापटीसारखं लागतं. पण नीट वाच. परीक्षा आल्या की आनंदानं नाचा, असं याकोब म्हणत नाही. "आनंदच माना" म्हणतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही समजणे, गणणे असाच आहे. आपल्याकडे मानलेली बहीण असते ना, तसं. आधी नातं मानायचं. माया मागून येते, डबे पोचवता पोचवता, कधी भांडता भांडता. तोवर ते नातं खोटं असतं का?

आणि रडायला बंदी कुणी घातली? मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही येशू रडलाच. बायबलातलं स्तोत्र ८८ काढून बघ. ते अंधारातच संपतं. शेवटी एखादी गोड ओळ जोडावी असं कुणाला वाटलं नाही, याचाच मला मोठा दिलासा आहे. फटके खाऊन फिलिप्पैच्या तुरुंगात पडलेले प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री गात होते, हे आपण शब्बाथ शाळेपासून ऐकतो. पण त्यांची पाठ दुखत नव्हती असं कुठे लिहिलंय? उलट त्याच रात्री तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं त्यांच्या जखमा धुतल्या, हे ती गोष्ट लिहिणाऱ्या लूकनं आवर्जून नोंदवलंय. गाणंही खरं, जखमाही खऱ्या.

पंडिता रमाबाईंचं बघ. कोवळ्या वयात दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पटकीनं नवरा. पदरात तान्ही मनोरमा. बाप्तिस्मा झाला तो पुढच्या वर्षी, इंग्लंडमध्ये. देवानं हे सगळं त्यांना घडवण्यासाठीच केलं, असं कुणी व्यासपीठावरून सांगायला लागलं की मला अस्वस्थ व्हायला होतं. ते हिशेब आपले नव्हेत. मला दिसतं ते इतकंच : १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो मुलींना ही बाई घेऊन आली, आणि त्यातून केडगावचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींचं घर, उभं राहिलं. उपाशी पोराचे डोळे तिला कुणी समजावून सांगायला नको होते.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. आईनं हिब्रू-ग्रीकवरून चालवलेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर मात्र सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. त्या नऊ महिन्यांत त्या हसतमुख होत्या का, मला माहीत नाही. पण रोज त्या कागदांपाशी बसणं, हे माझ्या लेखी आनंद मानणंच आहे.

माझं म्हणशील, तर तुझी काकू तीन महिने दवाखान्यात होती तेव्हा मला प्रार्थना जमत नव्हती. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एवढं म्हणायचो आणि पुढचं अडायचं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा एकदा न बोलता अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवून गेला. ठेचा इतका जाळ होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या आडोशानं मी पोटभर रडून घेतलं. त्याआधी आजाऱ्याला भेटायला गेलो की मी वचनं ऐकवायचो. हो, अगदी त्या बायकांसारखाच. आता थर्मासमधून चहा नेतो आणि गप्प बसतो. वाढ म्हणावी अशी माझी एवढीच.

येत्या रविवारी ये. गीत सुरू झालं की "उपासना संगीत" हे गीतांचं पुस्तक उघडून नुसतं हातात धर, गाऊ नकोस. आम्ही गातोय. काकूनं शेजारची जागा धरून ठेवलीय, आणि नंतर घरी जेवायला यायचंय.

तुझा,
काका