अनोळखी फाइलचं एन्कोडिंग कोडमधून कसं ओळखायचं?

एन्कोडिंग म्हणजे अक्षरं बाइटच्या (० ते २५५ मधल्या आकड्यांच्या) रूपात साठवायची पद्धत. ती खात्रीने ओळखता येत नाही, अंदाजच बांधावा लागतो. त्यामुळे डेटा पाठवणाऱ्याला विचारता येत असेल तर आधी विचारा.

नाहीतर सुरुवातीचे बाइट बघा. २३९, १८७, १९१ असतील तर बहुतेक यूटीएफ-८. २५५, २५४ असतील तर यूटीएफ-१६ (पण पुढे दोन शून्यं असली तर यूटीएफ-३२ असू शकतं). अशी खूण नसेल तर अख्खी फाइल यूटीएफ-८ म्हणून कडक मोडमध्ये (चुकीचा बाइट आला की एरर देणाऱ्या) डीकोड करा, म्हणजे बाइटचा मजकूर करून बघा. यूटीएफ-८ चे नियम इतके काटेकोर आहेत की दुसऱ्या एन्कोडिंगमधला मोठा मजकूर त्यातून चुकून पास होणं फार अवघड. उदाहरणार्थ, देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं: पहिला २२४, दुसरा १६४ किंवा १६५. हा नमुना सतत दिसला की शंका उरत नाही.

लॅटिन-१ ने (एका बाइटला एक अक्षर देणारं जुनं एन्कोडिंग) मात्र कधीच सुरुवात करू नका! त्यात कुठलाही बाइट चालतो, एरर येतच नाही, म्हणून 'डीकोड झालं' याला काही अर्थ नाही.

यूटीएफ-८ फसलं तरच चार्डेटसारखी एन्कोडिंगचा अंदाज बांधणारी लायब्ररी वापरा. ती अक्षरांच्या वारंवारतेवरून ठरवते, त्यामुळे दोन-चार शब्दांच्या मजकुरावर तिचा भरवसा धरू नका. मूळ बाइट मात्र जपून ठेवा. अंदाज चुकला तर पुन्हा डीकोड करता येतं.