‘हात उठतो’ म्हणणारे नवरे

‘ती उलट बोलते, मग माझा हात उठतो. मॅडम, रागावर काहीतरी उपाय सांगा.’ नवरे समुपदेशनाला येतात ते बहुतेक हा प्रश्न घेऊन, आणि तेही बायको घर सोडून गेल्यावर.

एक गृहस्थ असेच आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बोलणं मृदू. वरिष्ठ चारचौघांत पाणउतारा करतात, हे सांगताना मात्र आवाज चढला. विचारलं, ‘त्यांच्यावर कधी हात उठला?’ हसले. ‘नोकरी जाईल ना!’ म्हणजे डोकं फिरलं तरी हिशेब शाबूत होता.

मराठी या कामी फार सोयीची. हात उठतो, हात सुटतो, तोल जातो. मारणारा वाक्यात कुठेच नसतो. मी त्यांना तोच प्रसंग ‘मी’पासून सुरू करून सांगायला लावला. तीन भेटी जमलं नाही. ‘मी तिला... म्हणजे, तिला लागलं.’

अनेक देशांतल्या लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांत एक प्रश्न असतो: बायको न सांगता बाहेर गेली, मुलांकडे दुर्लक्ष केलं, वाद घातला, शरीरसंबंधाला नाही म्हणाली किंवा स्वयंपाक करपला, तर नवऱ्याने मारणं योग्य का? या पाच कारणांत ‘नवऱ्याला राग आवरला नाही’ हे कारण नाही. विचारणा आहे ती हक्काची. मी ही पाचही कारणं एकेक करून विचारली. चारांना चटकन ‘नाही’. ‘वाद घातला’पाशी अडले. ‘तसं नाही, पण समोरच्याने मर्यादा ठेवायला नको?’ आमचं खरं काम तिथून सुरू झालं.

दोघांना एकत्र बसवा, असा त्यांचा हट्ट होता. मारहाणीच्या बाबतीत मी ते करत नाही. इथे ती खरं बोलली, तर त्याची वसुली घरी होते. तिच्याशी वेगळं बोलले. कधी गळा दाबला का, हे आधी विचारलं, कारण ती जिवावरच्या धोक्याची खूण असते. तसं घडलं नव्हतं.

चौथ्या भेटीत ते म्हणाले, ‘मी तिला मारलं.’ आणि लगेच, ‘पण तीही...’

‘पण’च्या आधी थांबा, म्हटलं. बराच वेळ कोणी बोललं नाही.

ती परत गेली, स्वतःच्या अटींवर. वर्षभराने तिचा फोन आला. मारणं थांबलंय म्हणाली. ‘पण दारात किल्ली फिरली की अजून पोटात गोळा येतो. त्याचं काय करू?’

तिच्यासाठी वेगळी वेळ ठरवली.