वाचकांचे प्रश्न : मित्रदेशाचं धान्य

प्रश्न : 1947 मध्ये सोव्हिएत संघाने चेकोस्लोव्हाकियाला दिलेलं धान्य फुकट होतं का?

नाही. त्या वर्षी अवर्षणाने पीक बुडालं होतं. जुलैत मॉस्कोच्या दबावाखाली प्रागने मार्शल योजनेच्या, म्हणजे युरोपला अमेरिकी मदत देण्याच्या योजनेच्या, पॅरिस बैठकीतून माघार घेतली. पुढे स्टालिनने कबूल केलेलं धान्य वाढवून 6 लाख टनांवर नेलं. त्यात 4 लाख टन गहू होता आणि 2 लाख टन जनावरांचं धान्य. मोबदल्यात चेकोस्लोव्हाकियाने औद्योगिक माल द्यायचा होता. तेव्हा हा व्यापारच. मात्र वेळ अशी साधली होती की उपाशी माणसाला तो उपकार वाटावा.

खरी अडचण सीमेवर होती. सोव्हिएत रुळांची रुंदी 1524 मिमी, पलीकडे 1435 मिमी. 89 मिमीच्या फरकामुळे मालगाडीची वाघीण (डबा) तशीच पुढे जात नाही. एकतर चाकांचे सांगाडे बदला, नाहीतर माल दुसऱ्या वाघिणीत भरा. सुटं धान्य हलवताना सांडलवंड होते, पाऊस आला की काम थांबतं. आणि पलीकडच्या रिकाम्या वाघिणी वेळेवर आल्या नाहीत, तर भरलेल्या गाड्यांची रांग मागे वाढत जाते.

प्रश्न : चीनने क्यूबाचा तांदूळ 1966 मध्ये का तोडला?

तोडला नाही, घटवला. 1965 मध्ये क्यूबाच्या साखरेच्या बदल्यात सुमारे 2.5 लाख टन तांदूळ गेला होता. 1966 साठी चीनने 1.35 लाख टनच देऊ केला. 2 जानेवारीला क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांनी हे जाहीर भाषणात सांगितलं. आधीच्या वर्षीचा वाढीव तांदूळ हा अपवाद होता, आपल्याला साठा करायचा आहे आणि व्हिएतनामलाही मदत द्यायची आहे, अशी चीनची बाजू होती. पण मॉस्को आणि बीजिंगमधलं वितुष्ट वाढत होतं आणि क्यूबा मॉस्कोकडे झुकत होता, हे सोडून या कपातीचा अर्थ लागत नाही. क्यूबात माणशी मासिक वाटा 6 पौंडांवरून 3 पौंडांवर आला.

प्रश्न : व्हिएतनामहून क्यूबाला जाणारा तांदूळ वाटेत का खराब होतो?

बहुतेक वेळा दोष भरतानाच शिरलेला असतो. तांदळातली ओल 14 टक्क्यांच्या आत हवी. ती जास्त असेल तर पोती आतून तापतात, बुरशी धरते, दाणा पिवळा पडतो. सरासरी पाहून भागत नाही. एकाच ओल्या खेपेची पोती मध्ये गेली तरी शेजारची थर बिघडते. नमुने भरण सुरू असतानाच वेगवेगळ्या पोत्यांतून काढावेत.

दुसरा शत्रू घाम. उष्ण बंदरात भरलेलं जहाज हिवाळी अटलांटिकमध्ये शिरलं की बाजूचे पत्रे गार होतात आणि आतल्या दमट हवेचं पाणी त्यांच्यावर जमून पोत्यांवर ठिबकतं. म्हणून पोती पत्र्याला टेकवायची नाहीत. मध्ये लाकडी फळ्या, चटया, जाड कागद घालायचा. बाहेरची हवा मालापेक्षा किमान 3 अंश सेल्सियसने गार असेल तेव्हाच हवा खेळवायची. गार मालावर गरम दमट हवा सोडली तर पोत्यांनाच घाम सुटतो. जहाजाच्या कोठारांच्या झाकणांचे रबर भरणीआधी तपासावेत. समुद्राचं पाणी शिरलं तर त्या पोत्यांची आशा सोडावी.

तिसरा शत्रू कीड. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी देतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. गोळ्यांचा ढीग केला किंवा पाणी लागलं तर आग लागू शकते, म्हणून त्या पसरूनच ठेवायच्या. मुदतीआधी झाकण उघडलं तर अळ्या मरतात, अंडी आणि कोष वाचतात, आणि माल उतरेपर्यंत किडे पुन्हा दिसतात. धुरी चालू असताना हवा खेळवता येत नाही, म्हणून ओला माल आणि धुरी ही सर्वांत वाईट जोडी. वायू खलाशांच्या खोल्यांत झिरपून माणसं दगावू शकतात. मापकाने तपासणी रोज व्हायलाच हवी.

प्रश्न : 25,000 टनांचं जहाज आलं म्हणतात, तरी दुकानात तांदूळ का नसतो?

हिशेब करू. क्यूबाच्या शिधापुस्तिकेवरचा माणशी 7 पौंडांचा, म्हणजे जवळपास 3.2 किलोंचा मासिक वाटा घेतला आणि 1 कोटी माणसं धरली, तर महिन्याला सुमारे 32,000 टन लागतात. म्हणजे ते जहाज महिनाभरही पुरत नाही.

आणि 25,000 टन म्हणजे 50 किलोंची 5 लाख पोती. दिवसाला 1,500 टन उतरले तरी 17 दिवस लागतात, पावसाचे दिवस वेगळे. धक्क्यावर ट्रक नसले, किंवा ट्रक असून डिझेल नसलं, की पोती बंदरातच थिजतात. फाटलेल्या पोत्यांतला तांदूळ भरायला रिकामी पोती मालासोबतच पाठवावी लागतात, ती विसरली तर झाडलोटीत माल जातो. पोती मोजून घेणारा माणूस माल घेणाऱ्याचा आणि जहाजाचा, दोन्हीकडचा हवा, आणि आकडा रोज संध्याकाळी जुळवायला हवा. शेवटच्या दिवशी तूट निघाली तर ती कुठे झाली हे कोणालाच शोधता येत नाही.