अफगाण चर्चचे महत्त्व सेंट थॉमसपेक्षा वेगळे कसे

फोर्टमधले सेंट थॉमस १७१८ सालचे असताना वास्तुकलेच्या चर्चेत कुलाब्याच्या अफगाण चर्चचे नाव आधी का येते आणि त्याला ‘अफगाण’ का म्हणतात, असे आपण विचारले आहे.

नावाचे उत्तर सोपे आहे. या चर्चचे खरे नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पहिले अफगाण युद्ध आणि सिंधची मोहीम यांत १८३८ ते १८४३ या काळात मरण पावलेल्यांचे स्मारक म्हणून ते बांधले गेले. अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर आहेत. साध्या शिपायांची संख्या मात्र इतकी मोठी होती की त्यांची नावे देणे शक्य झाले नाही, असे आतल्या स्मृतिलेखात स्पष्ट लिहिले आहे. तो लेख वाचल्याशिवाय तेथून परतू नये, असे मला मनापासून वाटते.

वास्तुकलेचा मुद्दा इंग्लंडमधल्या एका वादातून आला आहे. अठराव्या शतकात इंग्रजांनी भारतात बांधलेली चर्चे बहुधा अभिजात धाटणीची होती: पुढे खांब, वर त्रिकोणी दर्शनी भाग आणि आत प्रवचन ऐकण्यासाठी एक मोठे दालन. कोलकात्याचे सेंट जॉन्स (१७८७) याच प्रकारातले. १८३९ मध्ये केंब्रिज येथे स्थापन झालेल्या कॅम्डन सोसायटीने या कल्पनेलाच विरोध केला. उपासनेचे केंद्र प्रवचनपीठ नसून वेदी आहे. म्हणून वेदीचा भाग लांब, स्वतंत्र आणि बाहेरूनही ओळखू येईल असा असावा, आणि त्यासाठी इंग्लंडच्या मध्ययुगीन गावचर्चांचा नमुना समोर ठेवावा, असा तिचा आग्रह होता. हा विचार भारतात ज्या वास्तूंत सर्वांत आधी दगडात उतरला, त्यांत अफगाण चर्च अग्रभागी आहे.

आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा, म्हणजे ज्यांनी मुंबईला विहार तलावाचे पाणी आणण्याची योजना आखली त्याच अभियंत्याचा. शैली तेराव्या शतकातल्या इंग्लिश गॉथिकची आहे: टोकदार कमानी, उंच अरुंद खिडक्या, मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना पडव्या आणि पुढे सुमारे ५० फूट लांब व २७ फूट रुंद असा वेदीचा भाग. बाहेरचा दगड स्थानिक, फिकट पिवळसर. आतले खांब व कमानी पोरबंदरी दगडाच्या. फरशी आणि आतल्या लाकडी कामाची रचना विल्यम बटरफिल्ड यांची, तर पूर्व-पश्चिमेच्या रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या. बटरफिल्ड हे कॅम्डन सोसायटीच्या विचाराचे अगदी जवळचे वास्तुकार होते, त्यामुळे येथील फरशीकडे निव्वळ सजावट म्हणून पाहणे अपुरे ठरेल. वेदीचे स्थान वेगळे दाखवण्याचे कामही तीच करते.

पायाभरणी १८४७ मध्ये झाली आणि ७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांनी चर्चचे समर्पण केले, तेव्हा मनोरा अपुराच होता. त्याचे १९८ फूट उंचीचे टोक १८६५ मध्ये पूर्ण झाले आणि बंदरात येणाऱ्या जहाजांना ते दुरून खुणेसारखे दिसू लागले.

सेंट थॉमसचे ऐतिहासिक मोल यामुळे कमी होत नाही. १८३७ पासून ते कॅथीड्रल आहे. पण १८६० च्या दशकात तेथील वेदीचा भाग नव्याने बांधला गेला, तेव्हा तोही गॉथिक शैलीतच बांधला. शक्य असेल तर दोन्ही चर्चे एकाच दिवशी पाहावीत, आणि सेंट थॉमसमध्ये जुने दालन संपून नवा भाग जेथे सुरू होतो, तेथे काही वेळ थांबावे.