किल्ला नसलेलं कॅसलक्रॅग

प्रश्न : धाकट्या मुलीकडे सिडनीला आलो आहे. परवा जावईबापूंनी इथल्याच कॅसलक्रॅग या उपनगरात नेलं. रस्त्यांची नावं रॅम्पार्ट, बॅस्टियन, पॅरापेट, म्हणजे तटबंदी, बुरूज, कठडा. किल्ला मात्र कुठे दिसेना! घरं बसकी, सपाट छपरांची, झाडीत दडलेली. घरांच्या मधून पायवाटा उतरतात, पण कुणाच्या परसात शिरायचं म्हणून मागे फिरलो. ही काय भानगड आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : किल्ला नाहीच. तिथल्या एका कड्याला लोक ‘एडिंबरा कॅसल’ म्हणत, त्यावरून वस्तीला आणि पुढे रस्त्यांनाही अशी नावं पडली.

कॅनबेराचा आराखडा करणारे वॉल्टर बर्ली ग्रिफिन आणि त्यांच्या पत्नी मॅरियन महोनी ग्रिफिन, दोघंही वास्तुरचनाकार, यांची ही करामत. 1921च्या सुमारास त्यांच्या कंपनीने मिडल हार्बर या खाडीच्या काठची सुमारे 650 एकर खडकाळ जमीन घेतली. आपल्याकडे प्लॉट हातात आला की आधी जेसीबी बोलावतात. ग्रिफिननी आधी उतार वाचला आणि रस्ते त्याच्याच कलाने वळवले. म्हणून तिथे गाडी सरळ अशी जातच नाही.

छपरं सपाट, कारण वरच्या घरालाही खाडीचं पाणी दिसावं. भिंतींना तिथलाच वालुकाश्म, नाहीतर ग्रिफिननीच पेटंट घेतलेले, एकमेकांत अडकणारे काँक्रीटचे ठोकळे. कुंपणं नकोत, लाल कौलं तर नकोतच, हा त्यांचा हट्ट. घराचा नकाशा कंपनीकडून मंजूर करून घेण्याची अट खरेदीखतातच घातलेली. गिऱ्हाइकाला हे जाचणारच! प्लॉट भराभर खपले नाहीत, त्यात मंदी आली; ग्रिफिननी स्वतः आखलेली घरं तिथे जेमतेम पंधरा-सोळा उभी राहिली. मला त्यातलं 1929चं फिशविक हाउस सर्वांत आवडतं. खासगी आहे, तेव्हा रस्त्यावरूनच पाहा. कातळातून उगवल्यासारखी ती दगडी भिंत पाहिली, की बाकी काही सांगावं लागत नाही.

मॅरियनबाईंनी तर एका घळीतच नाट्यगृह थाटलं. खडकांच्या उतारावर प्रेक्षक बसत. 1935मध्ये वॉल्टर ग्रिफिन कामासाठी लखनौला आले आणि 1937मध्ये तिथेच वारले. त्यांची कबरही लखनौलाच आहे.

आणि हो, त्या पायवाटा कुणाच्या परसातल्या नाहीत. घरांच्या मागची राखीव झाडी आणि पाण्याचा काठ सगळ्यांना मोकळा राहावा म्हणूनच त्या आखल्या आहेत. जावईबापूंना घेऊन खुशाल उतरा. पायऱ्या ओबडधोबड आहेत, चपला नकोत, बूट घाला.