आजीला सालं आठवत नाहीत, मग तिची जीवनकहाणी लिहून कशी काढायची?

आजी ८४ वर्षांची, सिन्नर तालुक्यातली. ‘लई हाल काढले’ एवढंच बोलून गप्प होते आणि साल विचारलं की चिडते, असं तुम्ही लिहिलंय. मग साल विचारणं आधी बंद करा. त्या पिढीच्या बायकांना तारखा सांगता येत नाहीत, पण क्रम पक्का असतो: कशाच्या आधी, कशाच्या नंतर, तेव्हा कडेवर कोण होतं. साल लावायचं काम तुमचं.

एका मोठ्या कागदाच्या डाव्या बाजूला खुणा उतरवा. नाशिकचे सिंहस्थ (कुंभमेळे) १९५६, १९६८, १९८० चे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे. डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९६९ चा गोदावरीचा महापूर, १९७२ चा दुष्काळ, फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण. उजवी बाजू आजीची. लग्नाबद्दल ती ‘सिंहस्थ होऊन गेला होता, नवे पैसे नुकतेच आले होते’ म्हणाली, तर ती १९५७ ची लग्नसराई. एकट्या सिंहस्थावर मात्र विसंबू नका. तो बारा वर्षांनी येतो, त्यामुळे चूक झाली तर एकदम बारा वर्षांची होते आणि सगळं नीट जुळल्यासारखंही वाटतं. आधारवर १ जून किंवा १ जानेवारी ही जन्मतारीख असेल, तर ती बहुधा अंदाजाने टाकलेली.

गप्प होण्याचं कारण बहुतेक वेळा प्रश्नातच असतं. ‘दुष्काळात दिवस कसे काढले?’ याला ‘हाल’ हेच उत्तर येणार. दुष्काळी कामाचं विचारा. खडी फोडायला गेलीस की पाझर तलावावर? हजेरी कोण मांडायचं? पगार आठवड्याला मिळायचा की पंधरवड्याला? तान्हं पोर कुठे निजवायचीस? दुष्काळात खायला मिळणारी सुखडी घरी कशात आणायचात? लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी थापली जायची की तुटायची? पाण्याला कुठल्या विहिरीवर, किती खेपा? सिन्नरकडच्या पुष्कळ बायकांनी विड्या वळल्या आहेत, तिनेही वळल्या असतील तर पानं किती भिजवायची, कात्रीने कशी कापायची, हजाराला काय मिळायचं आणि छाट म्हणून, म्हणजे खराब ठरवून, किती विड्या बाजूला काढायचे, हे विचारा. छाटीचा विषय निघाला की राग निघतो, आणि रागात माणूस तपशिलाने बोलतो.

हातात वस्तू द्या. जात्यावरच्या ओव्या नुसतं बसून म्हणायला सांगितल्या तर दोन ओळींत संपतात. जातं फिरवायला दिलं की पुढची आपोआप येते. दळायला ताकद नसेल तर खुंट्यावर नुसता हात ठेवला तरी चालतो.

‘मुलं किती झाली?’ असं विचारलं तर जगलेलीच मोजली जातात. ‘बाळंतपणं किती झाली?’ असं विचारा, तेही घरात गर्दी नसताना. ती थांबली तर रेकॉर्डिंग बंद करा आणि त्या दिवशी पुन्हा सुरू करू नका. सासुरवासाबद्दल सांगितलेलं कुटुंबात वाचून दाखवायचं की नाही, हे तिलाच विचारावं.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. घडी घातलेल्या टॉवेलवर, तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा, फ्लाइट मोडवर टाका. पंखा बंद ठेवा. तोच सगळ्यात जास्त घात करतो. ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला बसा. अर्धा-पाऊण तास पुष्कळ झाला. त्याच रात्री फाइलला तारीख आणि विषय द्या, नाहीतर महिन्याभरानंतर कुठली कुठे आहे ते सापडत नाही. जाऊ किंवा नणंद हयात असेल तर एकदा दोघींना समोरासमोर बसवा; एकमेकींना खोडून काढताना जे बाहेर येतं ते नातवाला कधीच सांगितलेलं नसतं. मध्ये पडून तुम्ही मात्र दुरुस्ती करू नका.

कागदपत्रं शेवटी. ती शाळेत गेली असेल तर जनरल रजिस्टरचा उतारा, तहसीलमधून गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, आणि जमीन असेल तर जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे तीर्थावरच्या गुरुजींकडे, यात्रेकरूंच्या नामावळीच्या वह्या असतात. आडनाव, मूळ गाव आणि आजोबा-पणजोबांची नावं घेऊन जा. हल्लीचा पत्ता तिथे कामाचा नाही. जुनी पानं मोडी लिपीत असतील तर गुरुजींकडूनच वाचून घ्या आणि फोटो काढण्याआधी विचारा. दक्षिणा द्यायची रीत आहे, ती किती हे आधीच बोलून घेतलेलं बरं.